देवळालीचे मास्तर आणि येडशीची पाटी

शून्य जगाला आम्ही दिले, असे अभिमानाने सांगणारी माणसे आपल्या समाजात पुष्कळ भेटतात. तो अभिमान अनाठायी नाही. शून्यासह दशमान स्थानमूल्याची पद्धती भारतात विकसित झाली आणि येथून जगभर गेली, हे आता सर्वमान्य आहे. परंतु ज्या घरात हा अभिमान मिरवला जातो, त्याच घरातील सातवीतला मुलगा गणिताचे पुस्तक उघडताच कावराबावरा होतो आणि घरची वडीलधारी मंडळी 'आमच्या घराण्यात गणित कोणाला जमलेच नाही' असे जवळजवळ कौतुकाने सांगून मोकळी होतात. अशा वेळी त्या अभिमानाचे मोल काय उरते? वारसा सांगणे आणि वारसा चालवणे यांत मोठे अंतर आहे. या अंतराचा विचार करण्यासाठी प्राचीन काळात जाण्याचे कारण नाही. विसाव्या शतकात, याच महाराष्ट्रात, एका शाळामास्तरांनी तो वारसा कसा चालवला आणि आपण त्यांची दखल कशी घेतली, एवढे पाहिले तरी पुरे.

डहाणू ते देवळाली

दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांचा जन्म १७ जानेवारी १९०५ रोजी डहाणू येथे झाला. आठव्या वर्षीच त्यांचे मातृछत्र हरपले. वडील कारकुनी करीत. त्यांना ज्योतिषाचा नाद होता आणि पत्रिकेसाठी लागणाऱ्या आकडेमोडीतून मुलाला संख्यांची गोडी लागली. ज्योतिष मागे पडले, संख्या मात्र जन्मभर सोबत राहिल्या. ठाण्यात शालेय शिक्षण झाल्यावर ते पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात दाखल झाले. १९२७ साली त्यांना रँग्लर परांजपे यांच्या नावाचे गणिताचे पारितोषिक मिळाले आणि १९२९ साली ते पदवीधर झाले. पदव्युत्तर शिक्षणाचा योग त्यांच्या आयुष्यात आला नाही. नाशिकजवळच्या देवळाली येथे त्यांनी शिक्षकाची नोकरी धरली आणि १९६२ साली निवृत्त होईपर्यंत मुलांना शिकवण्याचेच काम केले.

त्यांच्या हाताशी संशोधनसंस्था नव्हती, शिष्यवृत्ती नव्हती. कागद, पेन्सिल आणि शाळा सुटल्यावर उरणारा वेळ, एवढीच त्यांची साधनसामग्री होती. बेरीज, वजाबाकी, गुणाकार आणि भागाकार या चार क्रियांच्या बळावर, कोणत्याही शाळकरी मुलाला समजेल अशा मार्गाने, त्यांनी संख्यांच्या स्वभावातील अशा काही गोष्टी हुडकून काढल्या की आज जगभरच्या गणितप्रेमींना कापरेकर हे नाव ठाऊक आहे. ते ज्या संख्येमुळे सर्वाधिक ओळखले जातात, ती संख्या म्हणजे ६१७४.

सात पायऱ्या

चार अंकी कोणतीही संख्या घ्यावी. चारही अंक सारखे नसावेत, एवढीच अट. त्या अंकांची मांडणी करून सर्वांत मोठी आणि सर्वांत लहान अशा दोन संख्या तयार कराव्यात आणि मोठीतून लहान वजा करावी. येणाऱ्या उत्तरावर हीच क्रिया पुन्हा करावी. अधिकाधिक सात पायऱ्यांत आपण ६१७४ या संख्येपाशी पोहोचतो आणि तेथेच थांबतो, कारण ७६४१ मधून १४६७ वजा केले की उत्तर पुन्हा ६१७४ च येते.

कापरेकरांचे जन्मवर्षच घेऊन पाहू. १९०५ च्या अंकांतून ९५१० आणि ०१५९ या संख्या मिळतात. त्यांची वजाबाकी ९३५१. पुढे ९५३१ उणे १३५९ म्हणजे ८१७२. ८७२१ उणे १२७८ म्हणजे ७४४३. ७४४३ उणे ३४४७ म्हणजे ३९९६. ९९६३ उणे ३६९९ म्हणजे ६२६४. ६६४२ उणे २४६६ म्हणजे ४१७६. आणि ७६४१ उणे १४६७ म्हणजे ६१७४. नेमक्या सात पायऱ्या झाल्या. वाचकांनी आपापले जन्मवर्ष घेऊन हा प्रयोग करावा. पायऱ्या कमीजास्त होतील, मुक्काम बदलणार नाही.

१९४९ साली मद्रास येथे भरलेल्या गणित परिषदेत कापरेकरांनी हा गुणधर्म मांडला. १९५५ साली न्यूयॉर्कहून निघणाऱ्या 'स्क्रिप्टा मॅथेमॅटिका' या नियतकालिकात त्यासंबंधीचे त्यांचे टिपण प्रसिद्ध झाले. आज ही संख्या 'कापरेकर स्थिरांक' या नावाने ओळखली जाते.

महामार्गावरचे गणित

या प्रयोगाला विद्वत्ता लागत नाही, हे पटण्यासाठी देवळालीहून पार मराठवाड्यात, धाराशिव जिल्ह्यातील येडशीला येऊ. रामलिंगाच्या देवस्थानामुळे हे गाव भाविकांना परिचित आहे आणि सोलापूरहून धुळ्याकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग या गावावरून जातो. या महामार्गाचा जुना क्रमांक २११ होता. नव्या क्रमवारीत तो ५२ झाला. जुन्या माणसांच्या तोंडी अजूनही '२११' असतो. गावातील शाळकरी मुलाने पाटीवर हाच क्रमांक घ्यावा.

२११ उणे ११२ म्हणजे ९९. तीन अंकी संख्येचा खेळ चालू आहे, म्हणून हे उत्तर ०९९ असे लिहायचे. शून्याला त्याचे स्थान दिलेच पाहिजे. पुढे ९९० उणे ०९९ म्हणजे ८९१. मग क्रमाने ७९२, ६९३, ५९४ आणि शेवटी ४९५. ९५४ मधून ४५९ वजा केले की पुन्हा ४९५. चार अंकी संख्यांचा मुक्काम जसा ६१७४, तसा तीन अंकी संख्यांचा मुक्काम ४९५. येथे अधिकाधिक सहा पायऱ्या लागतात आणि २११ ला नेमक्या सहाच लागतात.

आता नवा क्रमांक ५२ घेऊ. ५२ उणे २५ म्हणजे २७. पुढे ४५, मग ०९, मग ८१, मग ६३ आणि पुन्हा २७. येथे मुक्कामच नाही. २७, ४५, ०९, ८१, ६३ या पाच संख्यांची प्रदक्षिणा अखंड चालू राहते. जुना क्रमांक मुक्कामाला पोहोचतो आणि नवा फिरत राहतो! दोन अंकी संख्यांना स्थिरांक नाही, तीन आणि चार अंकींना प्रत्येकी एक आहे, पाच अंकींना पुन्हा नाही, सहा अंकींना दोन आहेत. असे का व्हावे, हा प्रश्न ज्या मुलाच्या मनात उमटला, त्याच्यापुरते गणित पुस्तकाबाहेर पडून जिवंत झाले, असे समजावे.

चमत्कार नव्हे, कारणमीमांसा

येथे एक सावधगिरीची सूचना आवश्यक आहे. अशा संख्या पाहिल्या की आपल्याकडे काही मंडळींना लगेच गूढ शक्तीचा साक्षात्कार होतो. उद्या कोणी ६१७४ चे ताईत करून विकले तरी आश्चर्य वाटू नये. संख्येच्या अंगी ताईताची शक्ती नसते. तिच्या वागण्याला कारण असते आणि ते कारण शोधणे हीच गणिताची उपासना होय.

तीन अंकी संख्येचे कारण तर फार सोपे आहे. मोठी मांडणी आणि लहान मांडणी यांची वजाबाकी करताना मधला अंक दोन्हीकडे एकाच स्थानावर असल्यामुळे निघून जातो. उरते ती सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान अंकांतील फरकाची ९९ पट. हा फरक १ पासून ९ पर्यंतच असू शकतो. म्हणजे ज्यांचे तिन्ही अंक सारखे नाहीत, अशी कोणतीही तीन अंकी संख्या घेतली तरी पहिल्या पायरीनंतर ती ९९, १९८, २९७, ३९६, ४९५, ५९४, ६९३, ७९२ आणि ८९१ या नऊ संख्यांपैकी एक झालेली असते. नऊ संख्या तपासायला कितीसा वेळ लागणार? त्या सर्व ४९५ कडे जातात, हे येडशीतला मुलगा एका तासिकेत स्वतः सिद्ध करू शकतो.

चार अंकी संख्येतही तोच प्रकार आहे. तेथे वजाबाकी म्हणजे सर्वांत मोठ्या व सर्वांत लहान अंकांतील फरकाची ९९९ पट, अधिक मधल्या दोन अंकांतील फरकाची ९० पट. पहिला फरक १ ते ९ आणि दुसरा फरक शून्यापासून फार तर पहिल्याइतका. हिशेब केला तर अशा एकूण ५४ च जोड्या होतात. हजारो संख्यांचा समुदाय पहिल्याच पायरीत ५४ संख्यांवर येऊन ठेपतो. पहिला फरक ६ आणि दुसरा २ असला की ५९९४ अधिक १८० म्हणजे ६१७४ मिळतात. उरलेल्या सर्व वाटा तेथे येऊन मिळतात, हे एखाद्या दुपारी वही घेऊन बसले तरी तपासून होते. गूढ संपले म्हणून आनंद कमी होत नाही. उलट तो पक्का होतो.

याच्या पुढची वाट आणखी रम्य आहे. सहा अंकी स्थिरांकांपैकी एक ६३१७६४ आहे. आठ अंकींपैकी एक ६३३१७६६४ आणि दहा अंकींपैकी एक ६३३३१७६६६४. ६१७४ च्या पोटात एक तीन आणि एक सहा भरत गेले की पुढची पिढी जन्माला येते आणि हा वंश कोठेही खंडित होत नाही. सहा अंकी संख्येची पडताळणी करून पाहावी: ७६६४३१ उणे १३४६६७ बरोबर ६३१७६४.

सतरा अंकी शिखर

कापरेकरांच्या संशोधनातील सर्वांत देखणी संख्या मात्र वेगळीच आहे. तत्कालीन जी. आय. पी. रेल्वेवर, मुंबईपासून सुमारे तीस मैलांवरील डेमलो या स्थानकाच्या नावावरून त्यांनी संख्यांच्या एका कुळाला 'डेमलो संख्या' असे नाव दिले, कारण त्या संख्यांचा विचार त्यांना तेथे सुचला होता. रेल्वेच्या फलाटावर वेळ घालवण्याचे अनेक मार्ग असतात. कापरेकरांनी निवडलेला मार्ग हा असा होता. त्या कुळातील ज्यांना त्यांनी 'अद्‌भुत' म्हटले, त्या संख्या एकाच अंकाच्या खेळातून निघतात. ११ चा वर्ग १२१. १११ चा वर्ग १२३२१. ११११ चा वर्ग १२३४३२१. असे चढत जाऊन नऊ एककांच्या १११११११११ या संख्येचा वर्ग केला की मिळते ती संख्या अशी:

१२३४५६७८९८७६५४३२१

एकपासून नऊपर्यंत चढण आणि नऊपासून एकपर्यंत उतरण. भास्कराचार्यांनी 'लीलावती'त एकं, दशं, शतं पासून परार्धापर्यंत स्थानांची अठरा नावे दिली आहेत. त्या क्रमाने पाहिले तर या सतरा अंकी संख्येचे सर्वांत वरचे स्थान 'मध्य' या नावाचे येते. परार्धाला एकच पायरी कमी.

ही संख्या अशी का होते? शाळेत शिकवतात तसा उभा गुणाकार मांडावा. एकाखाली एक नऊ ओळी येतात; प्रत्येक ओळीत नऊ एकक आणि प्रत्येक ओळ एक घर डावीकडे सरकलेली. उभ्या रकान्यांतील एककांची संख्या क्रमाने एक, दोन, तीन अशी नऊपर्यंत वाढते आणि पुन्हा कमी होत जाते. कोणत्याही रकान्यात नऊपेक्षा अधिक एकक नसल्याने हातचा येत नाही आणि चढणउतरण जशीच्या तशी उत्तरात उतरते. दहा एकक घेतले की मधल्या रकान्यात दहा जमतात, हातचा येतो आणि रचना मोडते. उत्तर येते १२३४५६७९००९८७६५४३२१. नियम कोठपर्यंत चालतो आणि नेमका कोठे व का थांबतो, हे ज्याला सांगता आले, त्याला नियम खऱ्या अर्थाने कळला.

या संख्येचे आणखी काही गुण पाहण्याजोगे आहेत. तिच्या अंकांची बेरीज ८१ भरते, म्हणजे नऊचा वर्ग. या ८१ ने ती संख्या निःशेष भागली जाते. स्वतःच्या अंकांच्या बेरजेने भाग जाणाऱ्या संख्यांना कापरेकरांनी 'हर्षद' हे नाव दिले. हर्षद म्हणजे आनंद देणारी. तेव्हा ही सतरा अंकी संख्या हर्षदही आहे. भागाकार येतो तो १२३४५६७९ चा वर्ग, आणि या मूळ संख्याक्रमात आठ हा अंक गळालेला आहे, हे चाणाक्ष वाचकांच्या लक्षात आले असेल. पहिल्या आठ अंकांची एक संख्या आणि उरलेल्या नऊ अंकांची दुसरी असे तुकडे करून बेरीज केली, तर १२३४५६७८ अधिक ९८७६५४३२१ बरोबर नऊ नवांची संख्या मिळते. एवढी नियमबद्ध दिसणारी ही संख्या अवयव पाडताना मात्र अनपेक्षित चेहरा दाखवते. १११११११११ चे मूळ अवयव म्हणजे ३, ३, ३७ आणि ३३३६६७. वर्ग केल्यामुळे आपल्या संख्येत यांतील प्रत्येक दुप्पट वेळा येतो. बाहेरून सरळ दिसणाऱ्या संख्येच्या अंतरंगात ३३३६६७ ही मूळ संख्या लपलेली असते.

हर्षद संख्यांच्या कुळात रामानुजन यांच्या नावाशी कायमची जोडली गेलेली १७२९ ही संख्याही येते. तिच्या अंकांची बेरीज १९ आणि १९ गुणिले ९१ बरोबर १७२९. स्वतः ६१७४ देखील हर्षदच आहे; अंकांची बेरीज १८ आणि १८ ने भागल्यावर येतात ३४३, म्हणजे सातचा घन.

हार्डींचा आक्षेप

या सर्व प्रकाराला खरे गणित म्हणावे का, असा प्रश्न विचारला गेला आहे आणि तो टाळून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. रामानुजन यांची पारख करणारे केंब्रिजचे थोर गणितज्ञ जी. एच. हार्डी यांनी १९४० साली प्रसिद्ध झालेल्या 'अ मॅथेमॅटिशियन्स अपॉलॉजी' या पुस्तकात अशाच प्रकारचे एक उदाहरण घेतले आहे. चार अंकी संख्यांपैकी ८७१२ आणि ९८०१ या दोनच संख्या आपल्या उलट्या मांडणीच्या पूर्ण पटीत आहेत: २१७८ ची चौपट ८७१२ आणि १०८९ ची नऊपट ९८०१. हार्डींच्या मते अशा गोष्टी वर्तमानपत्रातील कोड्यांना शोभतात. त्यातून व्यापक सिद्धान्त निघत नाही, म्हणून गणितज्ञाला त्यात रस नसतो.

हा आक्षेप वजनदार आहे. ६१७४ चा गुणधर्म आपल्या दशमान लेखनपद्धतीवर अवलंबून आहे. दहाऐवजी बाराच्या पटीत संख्या लिहिणाऱ्या समाजाला ही संख्या भेटली नसती. रामानुजन यांच्या कार्याची खोली कापरेकरांच्या कार्याला आहे, असे म्हणणे अतिशयोक्ती होईल. कापरेकरांचा गौरव करण्यासाठी अशा अतिशयोक्तीची गरजही नाही.

परंतु या आक्षेपाला दुसरी बाजू आहे. शिखरावर उभे असलेल्या माणसाला पहिली पायरी क्षुल्लक वाटते; पायथ्याशी उभे असलेल्या मुलाला तीच पायरी हवी असते. हार्डींचा निकष संशोधकासाठी योग्य असेल, शिक्षकासाठी तो अपुरा आहे. कापरेकर हे शिक्षक होते. शिवाय त्यांच्या प्रश्नांतून व्यापक विचाराकडे वाट जात नाही, असेही नाही. अंकांची संख्या वाढवली तर काय होते, लेखनाचा पाया बदलला तर काय होते, हे प्रश्न त्यांच्या पश्चात अनेक अभ्यासकांनी हाताळले आणि त्यावर शोधनिबंध लिहिले. भास्कराचार्यांनी बाराव्या शतकात 'लीलावती' लिहिताना भुंगे, हंस आणि तुटलेल्या हारातील मोती यांच्याच आधारे विद्यार्थ्याला समीकरणापर्यंत नेले होते. मनोरंजनातून मननाकडे नेण्याची ही आपली जुनी रीत आहे आणि देवळालीच्या मास्तरांनी, कळत वा नकळत, तीच चालवली.

प्रमाणपत्र बाहेरून यावे लागले

आता आपल्याकडे वळू. देशातील अनेक गणितज्ञांनी कापरेकरांचे काम क्षुल्लक मानले, त्याला हसणारेही होते. पुष्कळसे लेखन त्यांनी लहान पुस्तिकांच्या रूपाने स्वतःच प्रसिद्ध केले. निवृत्तीनंतर निवृत्तिवेतन पुरेना, म्हणून त्यांना गणित व विज्ञानाच्या शिकवण्या कराव्या लागल्या. मार्च १९७५ मध्ये अमेरिकेतील 'सायंटिफिक अमेरिकन' या मासिकात मार्टिन गार्डनर यांनी आपल्या लोकप्रिय सदरात कापरेकरांविषयी लिहिले आणि मग जगाचे, त्यापाठोपाठ आपलेही लक्ष देवळालीकडे गेले. मद्रासच्या परिषदेला तोवर २६ वर्षे लोटली होती आणि मास्तर सत्तरीत पोहोचले होते. १९८६ साली त्यांचे निधन झाले.

त्यांच्या आणखी एका शोधाची कथा अधिक बोलकी आहे. एखाद्या संख्येत तिच्याच अंकांची बेरीज मिळवली की पुढची संख्या जन्माला येते. २३ मध्ये २ आणि ३ मिळवले की २८. पण काही संख्या अशा कोणत्याही संख्येपासून जन्मत नाहीत. २०, ३१, ४२, ५३ या तशा संख्या होत. मराठीत त्यांना स्वयंभू संख्या म्हणणे उचित ठरेल. यापूर्वीचे स्वयंभू वर्ष २०२२ होते, पुढचे २०३३ येईल. मुलांनी पडताळून पाहावे. कापरेकरांनी १९४९ साली या संख्यांचे वर्णन केले आणि १९६३ साली देवळालीहून त्यावर पुस्तिका काढली. पुढे १९७० च्या दशकात कोलंबियातील एका अभ्यासकाने याच संख्यांविषयी अमेरिकन नियतकालिकात प्रश्न मांडला आणि त्यांना 'कोलंबियन संख्या' हे नाव चिकटले. त्यांचे दुसरे नाव 'देवळाली संख्या' असे आहे. त्या अभ्यासकाला दोष देण्याचे कारण नाही. आपल्या माणसाचे काम आपणच जगापुढे नेले नाही, तर जगाने ते आपल्या नावाने ओळखावे, अशी अपेक्षा कोणत्या तोंडाने करायची?

आपल्या गुणवंतांना परकीयांचे प्रमाणपत्र मिळेपर्यंत ओळखायचे नाही आणि ते मिळाले की सत्कारसमारंभ करायचे, ही सवय न्यूनगंडातून येते. त्या न्यूनगंडाचीच दुसरी बाजू म्हणजे पूर्वजांच्या नावावर वाटेल ते दावे करणे. दोन्हींचे मूळ एकच: स्वतः तपासण्याचा आळस. जो समाज स्वतः पडताळून पाहतो, त्याला परक्याची शिफारस लागत नाही आणि खोटा बडेजावही लागत नाही.

पाटीवरचे काम

येडशीवरून जाणारा तो महामार्ग उत्तरेकडे बीड, छत्रपती संभाजीनगर, कन्नडचा घाट असे करीत चाळीसगावला पोहोचतो. चाळीसगावजवळ पाटण नावाचे स्थान आहे. तेथील इ.स. १२०७ च्या शिलालेखात भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापल्याची नोंद आहे. आठशे वर्षांपूर्वी या भूमीत एका गणितज्ञाचे स्मारक करायचे ठरले, तेव्हा त्याच्या ग्रंथांचा अभ्यास चालावा म्हणून शाळा काढली गेली आणि राजसत्तेने तिला दान दिले. स्मारक कसे असावे, याचा हा वस्तुपाठ आपल्या रस्त्याच्या कडेलाच कोरलेला आहे.

कापरेकरांचे स्मारकही असेच व्हावे. त्याला निधी लागणार नाही, शासननिर्णयाची वाट पाहावी लागणार नाही. २०१२ पासून २२ डिसेंबर हा रामानुजन यांचा जन्मदिवस राष्ट्रीय गणित दिन म्हणून साजरा होतो. बहुतेक ठिकाणी तो भाषण आणि फलकलेखन यांत संपतो. त्यानंतर महिन्याभरात १७ जानेवारीचा दिवस येतो. त्या दिवशी गावोगावच्या शाळांत, वस्त्यांवरच्या अभ्यासिकांत आणि संस्कारवर्गांत भाषण अजिबात न करता प्रत्येक मुलाच्या हाती पाटी द्यावी आणि आपल्या आवडीची चार अंकी संख्या निवडायला सांगावे. सगळ्यांचे उत्तर एकच आले की मुलेच विचारतील, असे का? तेथे शिक्षकाने उत्तर सांगून टाकण्याचा मोह आवरावा आणि तीन अंकी संख्येपासून सुरुवात करून द्यावी. अभ्यासिका चालवणाऱ्या कार्यकर्त्यांना यासाठी गणिताची पदवी लागत नाही. ९९ चा पाढा पुरतो.

गणित इंग्रजीतूनच येते, महागड्या शिकवणीतूनच येते, शहरातच येते, असा समज आज मध्यमवर्गीय घरांत घट्ट होत चालला आहे. पावकी, निमकी, दिडकी, औटकी तोंडपाठ असणारी पिढी आपल्याच आजोबांची होती. ते पाठांतर पुन्हा आणावे, असा आग्रह नाही. पण संख्येशी असलेली ती घरगुती सलगी हरवली, याचे भान हवे. रात्रीच्या जेवणानंतर अर्धा तास दूरचित्रवाणी आणि भ्रमणध्वनी बाजूला ठेवून आईवडिलांनी मुलांसोबत एक संख्या सोडवायला घेतली, तर ती सलगी पुन्हा जुळेल. उत्तर चुकले तर पुन्हा मांडावे. संख्या कोणाची जात विचारत नाही, माध्यम विचारत नाही, गाव विचारत नाही. योग्य पायऱ्या केल्या की ती प्रत्येकाला एकाच मुक्कामी नेते.

देवळालीच्या मास्तरांनी पदव्युत्तर पदवीवाचून, संस्थेवाचून, मान्यतेवाचून हे काम केले. त्यांची संख्या त्यांच्या पश्चात जगभर फिरते आहे. ती येडशीच्या पाटीवरही उतरावी, एवढे काम आता आपले आहे.